जेवण अळणी लागते तेव्हा: मिठाच्या वाटीकडे हात जाण्याआधी

वरणात मीठ बेताचे पडलेले असूनही ते अळणी लागले, की मराठवाड्यातील बहुतेक घरांत दोनच उपाय होतात: मिठाची वाटी पुढे सरकते, नाहीतर भाकरीवर ठेच्याचा गोळा येतो. दोन्ही उपायांनी तोंडाला तात्पुरती तरतरी येते, परंतु मूळ कारण जागच्या जागी राहते आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या पोटात रोज थोडे थोडे अधिक मीठ जात राहते. अन्नाची चव केवळ मीठ-मिरचीच्या प्रमाणावर ठरत नाही. घास लाळेत नीट भिजला का, त्याचा वास आतून नाकापर्यंत पोचला का, तो किती गरम होता, खाणाऱ्याने त्याआधी काय खाल्ले आणि तो कोणती औषधे घेतो, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. यांपैकी नेमके काय कमी पडते आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे आणि त्यानुसार काय करावे, याची पद्धत पुढे दिली आहे. लागणारे साहित्य स्वयंपाकघरातलेच आहे.

आधी जीभ पाहावी

दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहून जीभ बाहेर काढावी, कोरड्या रुमालाने हलकेच टिपावी आणि खाण्याच्या निळ्या रंगाचा एक थेंब कापसाच्या बोळ्याने तिच्या टोकावर लावावा. थोड्या वेळाने जिभेचा बराचसा भाग निळा होतो. परंतु मधूनमधून मोहरीपेक्षा लहान असे गुलाबी ठिपके निळे न होता उठून दिसतात. हे छत्रीच्या आकाराचे अंकुरक होत. त्यांच्यात रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके, असतात, आणि प्रत्येक रुचिकलिकेत 50 ते 100 पेशी एकत्र बसलेल्या असतात. निळा झालेला, बारीक केसांसारखा भाग जिभेला खरखरीतपणा देतो आणि घास पकडायला मदत करतो. त्यात रुचिकलिका नसतात. ठिपक्यांची संख्या माणसामाणसांत बरीच वेगळी असते, आणि एकाच कालवणाबद्दल एकाच घरातील दोघांचे एकमत न होण्याचे ते एक कारण आहे.

जीभ आणखी बाहेर काढली तर मागच्या बाजूला उलट्या व्हीच्या आकारात मांडलेले 8 ते 12 मोठे गोल उंचवटे दिसतात. पहिल्यांदाच दिसलेले हे उंचवटे पाहून गाठ आल्याच्या भीतीने दवाखाना गाठणारी माणसे असतात. ते प्रत्येकाच्या जिभेवर असतात आणि त्यांच्या कडेच्या चरांत पुष्कळ रुचिकलिका असतात. जिभेच्या कडांवर, टाळूच्या मऊ भागात आणि घशातही त्या असतात. रुचिकलिकांतील पेशी साधारणपणे 10 ते 14 दिवसांत झिजून त्यांच्या जागी नव्या येतात. कढत चहाने भाजलेली जीभ काही दिवसांत पूर्ववत होते ती यामुळेच.

येथे शाळेत शिकलेली एक गोष्ट पुसून टाकावी लागते. जिभेच्या टोकाला गोड, कडांना खारट व आंबट आणि मागे कडू असा जो नकाशा अनेकांनी वहीत काढला आहे, तो चुकीचा आहे. डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाने 1901 मध्ये वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत आढळलेला थोडासा फरक नोंदवला होता. पुढे 1942 मध्ये एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात तो फरक अशा रीतीने मांडला गेला, की वाचणाऱ्याला प्रत्येक चवीसाठी वेगळा प्रांत असल्याचा भास व्हावा. मिठाचा खडा टोकावर, कडेवर आणि मागे अशा तीन ठिकाणी ठेवून पाहिला, तर खारटपणा तिन्हीकडे लागतो.

घरच्या चाचण्या

पहिली चाचणी लाळेची आहे. जीभ स्वच्छ कोरड्या कापडाने पूर्ण टिपून तिच्यावर साखरेचे चार दाणे ठेवावेत. पहिले एक-दोन क्षण फक्त खडबडीत कण जाणवतात; लाळ सुटून साखर विरघळू लागली, की मग गोडी येते. जे विरघळत नाही त्याला चव नाही. निरोगी प्रौढाच्या तोंडात दिवसभरात सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, परंतु वय, मधुमेह आणि काही औषधे यांमुळे ती बरीच कमी होऊ शकते. ज्याला साखरेची गोडी यायला फार वेळ लागतो, कोरडी भाकरी गिळताना दर घासाला पाणी लागते किंवा रात्री ओठ-जीभ चिकटल्यासारखी होते, त्याच्या वरणात मीठ वाढवून उपयोग नाही. त्याचे अन्न ओलसर करावे लागेल.

दुसरी चाचणी नाकाची, आणि माझ्या मते सर्वांत डोळे उघडणारी. येसर किंवा घरचा काळा मसाला चिमूटभर घ्यावा. नाक दोन बोटांनी घट्ट दाबून तो जिभेवर ठेवावा, तोंड मिटून चघळावा आणि काय लागते ते शांतपणे पाहावे. किंचित खारटपणा, किंचित कडवटपणा, मिरचीचा दाह आणि भुकटीचा चरचरीत स्पर्श, एवढेच हाती येते. मग बोटे काढून तोंड मिटलेलेच ठेवत नाकावाटे श्वास सोडावा. धने, खोबरे, दगडफूल, भाजलेल्या डाळी आणि दालचिनी असे सगळे एकदम उगवते. ज्याला आपण मसाल्याची चव म्हणतो ती बहुतेक वासाची करामत असते: चावताना सुटलेला गंध घशामागून वर चढून नाकाच्या छताशी असलेल्या गंधपेशींपर्यंत जातो. जिभेला मूलभूत चवी पाचच कळतात. नाकात मात्र गंध ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांचे सुमारे 400 प्रकार आहेत. नाक दाबून आणि नाक सोडून मसाला जवळजवळ सारखाच लागला, तर दोष जिभेचा नसून नाकाचा आहे असे समजावे. सर्दीत जेवण मातीसारखे का लागते, याचेही उत्तर येथेच मिळते.

तिसरी चाचणी मिठाच्या पाण्याची. एक लिटर फिल्टरच्या पाण्यात सपाट चहाचा चमचाभर, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, मीठ विरघळवावे. बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडे ते अनेक ठिकाणी जड आणि मचूळ असते, आणि त्यातील क्षारांची स्वतःची चव निकाल बिघडवते. या पाण्यातील अर्धा लिटर घेऊन त्यात अर्धा लिटर साधे पाणी मिसळले, की तीव्रता निम्मी होते. हीच कृती आणखी दोनदा केली, की लिटरमागे सुमारे 5, 2.5, 1.25 आणि 0.6 ग्रॅम मिठाची चार पाणी तयार होतात. तपासायच्या व्यक्तीपुढे तीन पेले ठेवावेत, दोहोंत साधे पाणी आणि एकात सर्वांत फिके मीठपाणी, आणि वेगळा पेला कोणता ते विचारावे. चूक झाली तर पुढची तीव्रता द्यावी. प्रत्येक वेळी घोट तोंडात फिरवून थुंकावा, साध्या पाण्याने चूळ भरावी आणि थोडे थांबून पुढे जावे. निरोगी प्रौढाला साधारणपणे फिक्या दोन पाण्यांच्या आसपास "हे साधे पाणी नाही" एवढे कळू लागते, आणि "हे खारट आहे" असे सांगायला त्याहून थोडे तीव्र पाणी लागते. ही वैद्यकीय तपासणी नव्हे. परंतु घरातील स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि तक्रार करणारी व्यक्ती यांच्यात किती अंतर आहे, ते यातून उघड होते.

चौथी चाचणी ज्वारीच्या भाकरीची आहे. कालवण न लावता एक घास अगदी सावकाश, नेहमीपेक्षा तिप्पट वेळ चावावा. लाळेतील अमायलेज हे विकर भाकरीतील स्टार्चचे तुकडे करून त्याची माल्टोज शर्करा बनवू लागते आणि घासाला हलकी गोडी येते. हुरड्याची गोडी मात्र अशी चावून मिळवावी लागत नाही. गूळभेंडीचा कोवळा दाणा मुळातच गोड असतो, कारण कणसात आलेल्या साखरेचे अजून स्टार्चमध्ये रूपांतर व्हायचे असते. दाणा टणक झाला, की ती गोडी जाते.

शरीराला चवीचा उपयोग काय

गोड चव ऊर्जेची वर्दी देते, खारट चव सोडियमची. आंबट चव कच्च्या फळाची किंवा नासलेल्या अन्नाची सूचना असते. पाचवी चव उमामी: टोक्यो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्रशैवालाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढून ही चव दाखवून दिली. प्रथिनयुक्त अन्नाची ती खूण आहे. पिकलेल्या टोमॅटोत आणि मटणाच्या रश्श्यात जी भरीव चव लागते, तिच्यात उमामीचा मोठा वाटा असतो. जीभ ही वर्दी मेंदूला देते तेवढ्यात लाळ वाढते, जठररस सुटू लागतो आणि स्वादुपिंडातून थोडे इन्शुलिनही बाहेर पडते, म्हणजे घास पोटात पोचण्याआधीच त्याच्या स्वागताची तयारी सुरू होते. मोबाइलकडे पाहत, न चावता उरकलेल्या जेवणात ही तयारी अर्धवट राहते.

कडू चवीबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिच्यावर कधी जीव अवलंबून असतो. गोड चवीसाठी माणसाकडे दोन प्रथिनांची एकच जोडी आहे. कडू चवीसाठी मात्र सुमारे 25 प्रकारची ग्राही प्रथिने आहेत. वनस्पतींतील विषे अनेक तऱ्हांची असतात आणि त्यांतील बरीच कडू लागतात, म्हणून हा पहारा एवढा मोठा आहे. नवजात बाळही कडू थेंबाला तोंड वेडावते. पुढे अनुभवाने आपण कारले, मेथी आणि चहा यांना मुभा देतो, पाडव्याला कडुनिंबाची पाने गूळ-जिऱ्यासोबत चावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जी भाजी एरवी कडू नसते ती कडू लागली, तर तो पहारा कधीही मोडू नये. दुधी, काकडी, दोडका आणि भोपळा या वर्गातील फळांत काही वेळा कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात. असा दुधी किंवा त्याचा रस पोटात गेल्यास जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब घसरणे असे गंभीर परिणाम होतात. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. म्हणून दुधी चिरण्याआधी त्याचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा, कडू लागताच थुंकावा आणि संपूर्ण फळ फेकून द्यावे. "औषधी आहे, नाक दाबून पिऊन टाका" हा सल्ला येथे घातक आहे, आणि मीठ, साखर किंवा लिंबू घालून कडूपणा झाकणे त्याहून घातक.

या पहाऱ्याला मर्यादाही आहेत. खवट शेंगदाणा जीभ लगेच ओळखते, पण बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिनला अशी चव नसते; म्हणून चटणीसाठी दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले आणि बुरशी लागलेले दाणे डोळ्यांनी पाहूनच काढावे लागतात. पाण्याचेही तसेच. मचूळ पाणी वाईट लागते म्हणून आपण नाक मुरडतो, परंतु मराठवाड्याच्या काही भागांत भूजलात प्रमाणाबाहेर आढळणारे फ्लोराइड आणि नायट्रेट चवीवरून कळत नाहीत. गोड पाण्याची विहीर सुरक्षितच असेल असे गृहीत धरू नये, पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

तिखट आणि तुरट

आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांत कटू म्हणजे तिखट आणि कषाय म्हणजे तुरट हेही आहेत. आजचे शरीरक्रियाविज्ञान या दोहोंना रुचिकलिकांच्या कक्षेत धरत नाही, त्यांना मुख्यतः स्पर्श आणि वेदना यांच्या खात्यात टाकते. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य एरवी सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वर जागे होणाऱ्या ग्राही प्रथिनाला जागे करते, आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी त्रिमूल तंत्रिका मेंदूला "भाजले" असे कळवते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये शोधले, आणि ज्युलियस यांना 2021 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्देम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळाले. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तर डोळाही भाजतो. डोळ्यात रुचिकलिका नसतात, वेदनेचे तंतू असतात.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. ठेचा तोंडात भडकला तर पाणी पिऊन भागत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे, कारण दुधातील केसीन हे प्रथिन त्याला बांधून घेते. दुसरी गोष्ट अशी की तिखट वाढवल्याने अळणीपणा गेला असे वाटते ते लक्ष दाहाकडे वळल्यामुळे; भाजलेल्या जिभेला कोथिंबिरीचा किंवा तुरीच्या डाळीचा बारीक स्वाद नंतर शोधावा लागतो.

तुरटपणा सुपारी, कोरा चहा आणि कच्च्या केळ्यात लागतो. त्यांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आखडल्यासारखे होते.

मीठ न वाढवता चव आणण्याची कृती

प्रथम आपल्या घरात मीठ किती खपते ते मोजावे. एक किलोची पिशवी चार माणसांच्या घरात 30 दिवस पुरली, तर माणशी रोज 8.3 ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडे कमी, मीठ खावे. पिशवीतील काही मीठ लोणच्याच्या खारात आणि भाज्या धुण्यात जाते हे खरे, परंतु फरसाण, वडापाव आणि बाहेरचे पापड यांतून येणारे मीठ या हिशेबात धरलेलेच नाही.

नंतर चव पाहण्याची वेळ बदलावी. उकळत्या आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटणारी व्यक्ती मुख्यतः चटका चाखत असते. वाटीत काढून कोमट झाल्यावर चव घ्यावी. गोडाबाबत हे विशेष खरे आहे: तापमान उतरले की गोडी कमी जाणवते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवायच्या बासुंदीची साखर कोमट असताना ठरवली तर थंड झाल्यावर ती फिकी वाटते. शिवाय जी व्यक्ती तासभर फोडणीसमोर उभी राहून वारंवार चव घेत असते तिची जीभ मिठाला आणि नाक मसाल्याला सरावलेले असते. मीठ ठरवण्याआधी पाण्याने चूळ भरावी, दोन मिनिटे अंगणात जावे, किंवा नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाच्या हातावर थेंब द्यावा. घरातील अर्धा वाढीव खारटपणा या एका सवयीने आटोक्यात येतो असे माझे मत आहे.

मग आंबटाचा उपयोग करावा. वरणात मीठ वाढवण्याऐवजी लिंबाच्या चार थेंबांनी, चिंचेच्या कोळाने किंवा अंबाडीच्या भाजीने तेच काम पुष्कळ अंशी होते, कारण आंबटाने लाळ सुटते आणि कमी मीठही पुढे येते. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एवढी चांगली चिंच जवळ असताना मिठावर विसंबण्याचे कारण नाही. आंबट अधिक झाल्यास गुळाचा लहान खडा ते दबवतो आणि आंबट गुळाला दबवते. आमटीतील चिंच-गुळाची जोडी याच तत्त्वावर उभी आहे. परंतु याच झाकाझाकीमुळे आंबट-गोड शीतपेयात किती साखर आहे ते जिभेला कळत नाही, याचीही जाणीव असावी. मिठाचाही असाच एक गुण आहे: ते कडूपणा दाबते. कारल्याच्या फोडींना मीठ चोळून पाणी पिळून टाकले, की कडू रस निघून जातो आणि उरलेले मीठ राहिलेला कडूपणा कमी जाणवू देते. म्हणून मेथीसारख्या भाजीत मीठ एकदम कमी केले तर तक्रार आधी कडूपणाची येते. अशा भाज्यांत दाण्याचे कूट आणि टोमॅटो घालून मग मीठ उतरवावे.

वास शेवटी घालावा. लसणाची फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ताजी कोथिंबीर आणि कारळ्याची किंवा जवसाची कमी मिठाची चटणी वाढण्याच्या क्षणी वर घातली, तर गंध हवेत उडून न जाता घासाबरोबर तोंडात जातो. एकूण मीठ ठरलेले असेल तर त्यातील थोडे शिजवताना न घालता वाढताना वरून भुरभुरावे. पृष्ठभागावरचे मीठ लाळेत लगेच विरघळते आणि तेवढ्याच मिठात पदार्थ अधिक खारट लागतो. ही युक्ती भाकरीला, धपाट्याला आणि सुशीलेला चालते, पातळ आमटीला नाही.

मीठ एकाच दिवशी निम्मे करू नये. आठवड्यागणिक थोडे थोडे कमी करत नेले, तर दोन-तीन महिन्यांत जिभेची अपेक्षाच खाली येते आणि जुन्या प्रमाणातले अन्न खारट लागू लागते. घरातील सर्वांचे एकत्र उतरवावे; एकट्या सासऱ्यांसाठी वेगळे अळणी पातेले ठेवले, की ते पातेले चार दिवसांत बंद पडते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

"तोंडाला चव नाही" ही तक्रार

वडीलधारी माणसे असे म्हणतात तेव्हा त्याला लहरीपणा समजू नये. वयोमानाने जिभेपेक्षा नाक अधिक मंदावते. त्यात कवळीने टाळू झाकलेली असते, लाळ कमी असते आणि औषधांची भर पडते: मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि जुलाबावर दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल यांनी काही जणांच्या तोंडाला धातूसारखी चव येते. असे वाटल्यास गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. जस्ताच्या कमतरतेनेही चव जाते, परंतु कमतरता नसताना जस्ताच्या गोळ्या घेऊन फायदा होत नाही. अशा व्यक्तीला कोरड्या भाकरीऐवजी वरणात किंवा ताकात कुस्करलेली भाकरी द्यावी, जेवणाआधी चूळ भरायला सांगावे, जीभ मऊ ब्रशने साफ करावी आणि पदार्थ गरम, वास येत असतानाच वाढावा. ज्याला वास येत नाही त्याला गॅसची गळती आणि आंबलेली भाजीही कळत नाही; अशा व्यक्तीला एकटीला स्वयंपाकघर सांभाळायला लावू नये.

सर्दी किंवा कोविडनंतर वास परतला नसेल तर गंधाचा सराव करावा. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरीचे तेल असे चार ठळक वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद, त्या वासाकडे लक्ष देऊन हुंगावेत आणि हा क्रम निदान 12 आठवडे चालू ठेवावा.

गुटखा, सुपारी किंवा खर्रा खाणाऱ्या माणसाला पूर्वी सहज पचणारे तिखट अचानक सोसेनासे झाले, साध्या कालवणानेही तोंडाची आग होऊ लागली, तर त्याला मिरची कमी करून देणे पुरेसे नाही. तोंडातील आवरण ताठ होत जाण्याच्या विकाराचे हे सुरुवातीचे लक्षण असू शकते, आणि त्या विकारातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तोंड पूर्ण उघडून आपली तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे, आणि निकाल काहीही आला तरी दंतवैद्याकडे जावे.

चव एका बाजूची गेली आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला, तर वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव वाहून नेणारा तंतू चेहऱ्याच्या तंत्रिकेतूनच जातो. परंतु चेहरा पक्षाघातानेही वाकडा होतो आणि हा फरक घरी ठरवता येत नाही. बाकी वेळी, सर्दी जाऊनही दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ चव परतली नाही, वजन उतरू लागले किंवा तोंडात सतत कडू वा धातूची चव राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. जाताना तक्रार केव्हापासून आहे, नाक दाबून आणि सोडून मसाला कसा लागतो, मिठाचे कोणते पाणी ओळखता आले आणि साखरेची गोडी यायला वेळ लागतो का, हे कागदावर लिहून न्यावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्याही पिशवीत घालून सोबत न्याव्यात, कारण "एक पांढरी, एक गुलाबी" एवढ्या वर्णनावरून औषध ओळखता येत नाही.